कुंडलच्या माळावरची रेघ

किर्लोस्करवाडीस जावयाचे तर पुण्याहून आगगाडीने सरळ जावे हा शहाणा मार्ग होय. परंतु ज्या गावाचा जन्म एका दरबारच्या मर्जीतून झाला त्या गावी पाऊल टाकण्यापूर्वी तो दरबार जेथे भरत असे ते स्थळ पाहावे, अशा काहीशा उफराट्या बुद्धीने मी आधी औंध गाठले. मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे दर्शन घेतले आणि परतीच्या वाटेवरील श्रीभवानी संग्रहालयात दोन घटका काढल्या. १९३८ साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हे संग्रहालय उभारले. रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या माता-बालकाच्या शिल्पापर्यंत नाना देशींचा ऐवज एका खेडेगावाच्या टेकडीवर त्यांनी आणून ठेवला, याचे आश्चर्य पाहणाऱ्यास पहिल्या दालनात वाटते आणि शेवटच्या दालनापर्यंत ओसरत नाही.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रामायणाचे प्रसंग त्यांनी आपल्या कुंचल्याने रंगविले, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आणि पुढे १९३९ साली आपले संस्थान लोकांच्या हाती सोपविण्याचा, त्या काळच्या राजेमंडळींस वेडेपणाचा वाटावा असा प्रयोगही केला. त्यांची चित्रे पाहताना एक विचार मनात आला आणि तो पुढल्या सबंध प्रवासात माझी पाठ सोडीना. १९०९ साली गादीवर आलेल्या या चित्रकार राजाने अवघ्या वर्षभरात ज्या माणसास माळरानाचा तुकडा दिला, तो माणूसही चित्रकारच व्हावयास निघाला होता; फक्त त्याला रंग नीट ओळखता येत नव्हते.

औंधहून एस. टी.ने रहिमतपूर आणि तेथून पॅसेंजरने दक्षिणेकडे, असा पुढला मार्ग. कऱ्हाडचे स्थानक गावापासून दूर, ओगलेवाडीस आहे. मराठी मुलखातील हजारो ओसऱ्यांवर जो ‘प्रभाकर’ कंदील संध्याकाळी काच पुसून लावला जाई, तो येथला. ओगले बंधूंचा हा काचकारखाना १९१६ सालचा, आणि तोही पंतप्रतिनिधींच्याच आश्रयाखाली वाढलेला. औंधचे संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हेच. सातारा, सांगली, विजापूर या भागांत विखुरलेली ठिगळे होती ती. पण त्या ठिगळांपैकी दोहोंवर एकेक कारखाना उभा राहिला, ही गोष्ट थोरल्या संस्थानांच्या दप्तरांतही सहसा आढळावयाची नाही.

शेणोली मागे पडल्यावर डाव्या अंगास सागरेश्वराच्या डोंगररांगा दिसू लागल्या. रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षांचे मांडव. आज हा प्रदेश इतका हिरवागार आहे की येथे कधीकाळी नुसता माळ होता, हे समोरच्या बाकावरील कॉलेजकुमारास सांगितल्यावर तो माझ्याकडे, वडीलधाऱ्यांच्या थापा सोसून घ्याव्यात अशा सौजन्याने पाहू लागला. गाडी थांबली. फलाटावरील पाटीवर ‘किर्लोस्करवाडी’ असे नाव. पूर्वी हे स्थानक ‘कुंडल रोड’ या नावाने ओळखले जाई. जवळचे मोठे गाव कुंडल, म्हणून ते नाव. कारखाना आला, वसाहत आली, आणि काही वर्षांनी रेल्वेनेही जुने नाव पुसून नवे लिहिले.

हा कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच गावात त्यापूर्वी २६ वर्षे बळवंत पांडुरंग, म्हणजे ‘सौभद्र’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले होते. एका लहानशा गावाने मराठी माणसाला संगीत नाटकही द्यावे आणि लोखंडी नांगरही द्यावा, हा योग चमत्कारिक खराच. लक्ष्मणाचा ओढा चित्रांकडे. घरच्यांचा विरोध पत्करून तो मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, आणि तेथे काही काळाने त्याचे रंगांधत्व उघडकीस आले. ज्याने आयुष्याची मनोराज्ये रंगपेटीभोवती रचली त्याला असे सांगितले जाणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करावी. परंतु रंग गेले तरी रेघ शिल्लक होती. यांत्रिक रेखनात, म्हणजे यंत्राचा प्रत्येक अवयव कागदावर मापात उतरविण्याच्या विद्येत, हा विद्यार्थी निष्णात ठरला आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्याच विषयाचा शिक्षक झाला. तेथे तो शिकवीत असे, आणि वर्ग सुटल्यावर कार्यशाळेत रेंगाळून स्वतः शिकतही असे. पुढे बढतीचा प्रसंग आला तेव्हा त्याला डावलून दुसऱ्यास जागा दिली गेली, आणि त्याने राजीनामा दिला. नोकरी गेल्याने हळहळणारी माणसे आपण पुष्कळ पाहतो; या गृहस्थाने बहुधा सुटकेचा निःश्वास टाकला असावा.

बेळगावात भावाच्या मदतीने सायकलींचे दुकान १८८८ सालीच निघाले होते. मुंबईहून सायकल पाठवावयाची, थोरले बंधू रामूअण्णांनी ती विकावयाची आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवावयाचे, असा तो मामला. लक्ष्मणराव बेळगावी परतल्यावर दुकानाची कर्मशाळा झाली. प्रथम कडब्याची कुट्टी करणारे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण तो घेतो कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली असल्यामुळे पहिले नांगर विकावयास दोन वर्षे लागली, ही हकीकत आपल्याकडे मोठ्या चवीने सांगितली जाते आणि सांगणारा शेवटी शेतकऱ्याच्या अडाणीपणास हसतो.

मला मात्र त्या शेतकऱ्याचा पक्ष अगदीच टाकाऊ वाटत नाही. बाभळीचा नांगर गावातला सुतार करी. तो मोडला तर सुतारच नीट करी, आणि त्याचा मोबदला सुगीत खळ्यावर बलुत्याच्या रूपाने त्यास मिळे, रोख पैसा मोजावा लागत नसे. उलट हा नवा नांगर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड कठीण खरे, पण ठिसूळ. दगडावर आपटून तडकले तर गावच्या लोहाराच्या भात्यावर ते तापवून जोडता येत नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ मोडल्यास कुणब्याने कोणाच्या दारात उभे राहावे? विषाची गोष्ट ही त्या रास्त भीतीला चढविलेला एक वेष असावा. लक्ष्मणरावांची कारागिरी मला येथे दिसते. ते शेतकऱ्याशी वाद घालीत बसले नाहीत. निरनिराळ्या प्रतीचे बीड ओतून पाहत फाळ अधिक टिकाऊ करीत गेले, आणि सुटे भाग मिळण्याची सोय ठेवली. उपदेशाने जे होत नाही ते कित्येकदा सुट्या भागांनी होते.

इतक्यात बेळगावात वस्ती वाढवावयाची म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावले. त्याच सुमारास औंधात एक मोठा मंडप बांधण्याचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. या बांधकामाच्या निमित्ताने त्यांची अडचण बाळासाहेबांच्या कानी गेली आणि दरबारने कुंडल रोडनजीकची ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज मंजूर केले. १० मार्च १९१० रोजी कारखान्याचा मुहूर्त झाला. माळावर निवडुंगाचे रान आणि त्यात नागसर्प. यंत्रे येण्याच्या आधी कुऱ्हाडी आणि काठ्या चालल्या. औद्योगिक वसाहतींची विलायती वर्णने लक्ष्मणरावांनी मासिकांतून वाचली होती; मजुरांच्या चाळींऐवजी कामकऱ्यांचे गाव वसवावे हा ध्यास त्यांनी तेथून घेतला, आणि कागदावर यंत्र काढावे तसे रस्ते, घरे, बागा यांची आखणी केली.

या गावात अस्पृश्यतेस मज्जाव होता, आणि तो तोंडदेखला नव्हता. मनुष्यांच्या निवडीत तर लक्ष्मणरावांची रीत अशी की शहाण्यासुरत्या कारभाऱ्याने कपाळास हात लावावा. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्ध्यावर टाकलेले, पण येथे शंभोराव जांभेकरांप्रमाणेच नामांकित यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे हिशेबाची दप्तरे सांभाळू लागले. रात्रीच्या पहाऱ्यास कोण? तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही शिक्षा भोगून सुटलेले. ज्यांच्या भीतीने लोक घराला कड्या लावीत त्यांच्याच हाती वाडीच्या किल्ल्या दिल्या गेल्या.

आजची वसाहत झाडीने इतकी झाकलेली आहे की दुपारच्या उन्हातही रस्त्यावर सावलीची जाळी पडलेली असते. कारखान्याच्या देवडीपर्यंत जाऊन मी परतलो, कारण आत जाण्याचा परवाना माझ्याजवळ नव्हता आणि तो मागण्याची उत्कंठाही नव्हती. नांगर पुष्कळ मागे राहिला. आता आत पंप होतात, आणि पंपांविषयी माझे ज्ञान बटन दाबण्यापलीकडे नाही. मला हवा होता तो माणूस बाहेरच, चहाच्या टपरीवर भेटला. चाळीस वर्षे कुठल्या कुठल्या ओतशाळांत साचे भरून आता घरी बसलेले ते वृद्ध गृहस्थ. मी नांगराची चौकशी करतो म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतले.

“सायेब, आधी लाकडाचा नमुना. पर तो मापाबरोबर न्हाई करायचा,” ते म्हणाले. “बीड थंड झालं की आवळतं. फुटामागं एक सूत नमुना मोठा ठेवायचा.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग ते उठले, टपरीमागे बांधकामासाठी पडलेल्या वाळूच्या ढिगातून मूठभर ओलसर वाळू त्यांनी घेतली, वळली आणि मूठ उघडली. तळहातावर बोटांचे ठसे उमटलेला वाळूचा लाडू. त्यांनी तो मधोमध मोडला. पण तो कडा न राखता भुरभुरत विस्कटला. “ही न्हाई चालायची. माती पायजे हिच्यात थोडी. चांगली वाळू मोडली तर ऊस मोडल्यागत मोडती, आन् पाणी ज्यास्त झालं तर साच्यात वाफ हून लोखंड उडतं अंगावर.” बाहीखालून त्यांनी मनगट पुढे केले. त्यावर पांढुरके, वाटोळे असे पाच-सहा डाग होते. वाळूची पारख कोणी शिकविली असे मी विचारले, तेव्हा ते “मिस्त्रीनं कानाखाली वाजवून,” एवढेच बोलून चहाकडे वळले.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी वाडीस दिल्या, अशी हकीकत या भागात सांगतात. १९२० साली धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची बातमी देणाऱ्या त्या पत्रिकेचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्यात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. पुण्यामुंबईच्या विद्वानांनी जे विषय दिवाणखान्यातही हळू आवाजात काढावेत त्यांवरचे लेख या माळावर छापले जात आणि टपालाने खेडोपाडी माजघरात पोचत. माझ्या आजोळी ‘स्त्री’चे अंक पेटीत कुलूपबंद असत, कुलूप आजोबांचे आणि किल्ली आजीजवळ, हे मला फार उशिरा उमगले.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतल्यावर पंप, पुढे एंजिने, पुणे, बंगळूर, हरिहर असा विस्तार झाला. तो इतिहास ठिकठिकाणी छापलेला आहे, म्हणून मी तो येथे उगाळीत नाही. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले.

परतीच्या गाडीस अवकाश होता म्हणून रिक्षाने कुंडलास गेलो. हे गाव जैनांचे क्षेत्र. आणि बेचाळीसच्या धामधुमीत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक मुख्य ठाणेही. संस्थानी हद्द ओलांडली की इंग्रजी पोलिसांचा अंमल संपे, ही सोय भूमिगतांना चांगली ठाऊक होती. वेशीजवळच्या एका घराच्या अंगणात, गोठ्याच्या खांबाशेजारी, एक लोखंडी नांगर निम्मा जमिनीत रुतलेला दिसला. परवानगी घेऊन जवळ गेलो. गंज चढून तो तपकिरी झाला होता. माती उलथविणारे पाते मात्र खालच्या अंगास अजून गुळगुळीत होते. पात्याच्या मागे ओतीव अक्षरांची एक ओळ होती. बोट फिरविल्यावर पहिली दोन अक्षरे लागली, पुढली गंजात बुजलेली होती.

घरधनीण बाहेर आल्या. किती वर्षांचा असावा, असे मी विचारले.

“सासऱ्याच्या बापानं घेतलेला. भंगारवाला दोन येळा इऊन गेला. पैसं चांगलं देतू म्हनला.”

“मग दिला नाहीत?”

“द्यायचा कसा? गाय कशाला बांधायची?”

खरोखरच नांगराच्या रुमण्यास दावे अडकविले होते, आणि दुसऱ्या टोकाची तांबडी गाय माझ्या पिशवीतले वर्तमानपत्र ओढू लागली होती.