सहा ग्रॅम

गोष्ट गेल्या सुट्टीतली. आमच्या कोल्हापूरच्या घरासमोर आबांची (म्हणजे आजोबांची) प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. पप्पा म्हणाले, "रविवारी भंगारवाला येतोय." मी मेकॅनिकलचा, त्यात 'बॅलन्सिंग'च्या गणितात पैकीच्या पैकी! छातीठोकपणे म्हटलं, "एक महिना द्या. इंजिन बांधून देतो."

पप्पांनी पैसे दिले, पण अट घातली. "उभ्या गाडीतसुद्धा रेस केली की पायाखालचा पत्रा थरथरायचा. आबांनी त्यामुळेच चालवायची सोडली. ते गेलं पाहिजे."

गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रीमामांनी इंजिन उतरवून दिलं. बोअरिंग झालं, नवे पिस्टन आले. ओळखीच्या सराफाकडून काटा आणून मी पिस्टन तोलले. जड होते ते आतून घासून सगळ्यात हलक्याच्या वजनाला आणले. चारही कनेक्टिंग रॉड तोलले. फरक अर्ध्या ग्रॅमचाही नाही! "मामा, सगळे सारखे. बांधायचं?"

मामा हसले. "काय इंजिनिअर, कुठलं टोक तोललंस?"

त्यांनी रॉडचं लहान टोक दोरीनं टांगलं, मोठं काट्यावर टेकवलं, रॉड आडवा ठेवला. चारांपैकी एकाचं मोठं टोक सहा ग्रॅम जड निघालं! लहान टोक तेवढंच हलकं, म्हणून एकूण वजन जुळत होतं. मी गारच पडलो. रॉडच्या जागी दोन टोकांना दोन वस्तुमानं धरायची, मोठं टोक क्रँकबरोबर फिरतं, लहान पिस्टनबरोबर वरखाली होतं, हे मीच परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं की!

रात्री हिशोब केला. स्ट्रोक 75 मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या 37.5 मिमी. 3000 आरपीएमला सहा ग्रॅमचा हिसका साधारण 22 न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलो. उभ्या दिशेला दोन्ही टोकांचा हिशोब बहुतेक फिटतो. आडव्या दिशेला मात्र हा हिसका सेकंदाला 50 वेळा, मोकळाच!

पुढचे दोन दिवस घासण्यात गेले. मोठी टोकं सगळ्यात हलक्या मोठ्या टोकाइतकी, लहान टोकं हलक्या लहानाइतकी. मामांची ताकीद एकच: "मधल्या दांड्याला हात लावायचा नाही, तिथनं तुटतो." मग क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट उद्यमनगरात बॅलन्सिंग मशीनवर. जड बाजूला भोकं पाडून वजन काढलं. प्लेट पुन्हा त्याच जागी बसावी म्हणून पंचाची खूण मात्र मी स्वतः मारली.

इंजिन सुरू झालं. थरथर पूर्ण गेली म्हणणार नाही. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात सेकंडरी फोर्स उरतोच, तो काट्यानं जात नाही. पण पप्पांनी चप्पल काढून पत्र्यावर पाय ठेवला, रेस केली आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आबांना बसवायला पाहिजे होतं रे."

रविवारी भंगारवाल्याला मीच परत पाठवलं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी