आंबेनळीचा उतार

आम्ही वाईचे, आमची कृष्णा पूर्वेस जाते. तिचीच बहीण सावित्री त्याच महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून पश्चिमेस उतरते व बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. ह्या बहिणीच्या घरीं एकदां जाऊन यावें अशी इच्छा फार दिवसांची होती. ती गेल्या मार्गशीर्षांत अकरा सायकलस्वारांच्या मंडळींत सामील होऊन पुरी झाली. पहिल्या दिवशीं पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरीं मुक्काम केला. चढणीचें दुःख सर्वांस ठाऊक आहे. तें सांगत नाहीं. दुसरे दिवशीं पोलादपुरापर्यंतचे सुमारे ४० किलोमीटर बहुतेक उतरावयाचे होते. "उद्यां काय, नुसतें बसून राहावयाचें!" असें आम्ही रात्रीं पंगतींत बोलून गेलों.

मंडळींची पुढारी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या. सकाळीं निघतांना तिनें बजावलें, "गुरुजी, ब्रेक सारखे धरून ठेवूं नका. वळणाच्या आधीं दाबा आणि मग सोडून द्या." ज्याचा जन्म वर्गांत सूचना देण्यांत गेला त्यास सूचना ऐकण्याची संवय राहत नाहीं. आम्ही मान हालविली इतकेंच.

ह्या घाटास पूर्वीं फिट्झेराल्ड घाट म्हणत. १८६७ ते १८७२ पर्यंत मुंबईच्या गव्हर्नरपदीं असलेल्या गृहस्थाचें तें नांव. आतां आंबेनळी हेंच नांव सर्वांच्या तोंडीं आहे. पहिला उतार कोयनेच्या खोऱ्यांत नेतो. १६५६ सालीं महाराजांनीं घेतलेली जावळी ती हीच. रान अजूनहि असें दाट, कीं भर सकाळीं रस्त्यावर संध्याकाळची सावली. वारा कानांत शिरत होता, बोटें गारठून काठ्यांसारखीं झालीं होतीं. पण हें पाणी अद्यापि पूर्वेचेंच. कोयना दक्षिणेस वाहत जाऊन कराडास आमच्या कृष्णेलाच मिळते. वाडा कुंभरोशी येथें चहा घेतला. वर प्रतापगड उन्हांत उभा होता. कोंकणची खरी उतरण त्याच्या पलीकडे.

ती उतरण लागली आणि आमचें धैर्य खचलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. एका बाजूस दरी. २०१८ च्या जुलैंत ह्याच घाटांत एक बस कोसळून ३० हून अधिक माणसें गेलीं, तें वर्तमान वाचलेलें आठवलें, आणि दोन्ही ब्रेक जे धरले ते सोडवेनात. तरुण मंडळी पांखरांसारखीं पुढें निघून गेलीं. मागें रबर जळल्याचा वास येऊं लागला. आम्हांस वाटलें, एखादी मालमोटार गेली असेल. वास आमचाच होता! मनुष्य व सायकल मिळून ८० किलो वजन १,३०० मीटर खालीं आणावयाचें, तर त्यांत जी उष्णता निघेल तिनें तीन लिटर पाण्यास उकळी यावी. वेग मोकळा सोडला तर त्यांतला पुष्कळ भाग वारा घेतो. भीतीनें धरून ठेवला तर सारा भार चाकाच्या कडेवर पडतो. आमच्या मागच्या ट्यूबला एक जुनें ठिगळ होतें. कड तापली, सोल्युशन सुटलें, आणि फट्‌दिशी आवाज होऊन चाक डुलूं लागलें. तेवढ्यांत खालून एस. टी. वळणावर आली. सुदैवानें डोंगर डाव्या हातास होता. आम्ही सरळ गटारांत शिरलों. कोपर सोलवटलें, चष्मा वांचला.

ती मुलगी आमच्या मागेंच राहिली होती, हें तेव्हां कळलें. चाकास हात लावूं जातों तों ती ओरडली, "गुरुजी, भाजेल!" अर्धा तास चाक निवूं दिलें, नवी ट्यूब घातली. मग तिनें विचारलें, "टेंपोंत बसतां?" प्रश्न आदराचा होता, पण आम्हांस तो झोंबला. आम्ही म्हटलें, "नको. पुन्हां एकदां सांग." तिनें पुन्हां सांगितलें, आणि ह्या वेळीं आम्हीं ऐकलें. पण किती दाबावें व केव्हां सोडावें ह्याचें माप बोटांस सांपडेना. तेव्हां अनुष्टुभाची आठवण झाली. आठ अक्षरांचा एक चरण. एक चरण दाबावा, एक चरण सोडावा. अवघड वळण आलें तर श्लोकार्धभर दाबावा. असे श्लोक पुटपुटत आम्ही तिच्या मागोमाग उतरलों. हवा ऊन होत गेली, आंब्याचीं झाडें दिसूं लागलीं, बोटें मोकळीं झालीं.

पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधि आहे. महाराजांच्या आज्ञेनें त्यांनीं संस्कृतांत शिवभारत रचिलें, बहुतेक अनुष्टुभांतच. तेथें पोहोंचतांना दिवस कलला होता. मुलें बूट काढून सभोंवतीं बसलीं. एकानें विचारलें, "गुरुजी, घाटांत काय पुटपुटत होतां?" आम्हीं टाळ्या वाजवून त्यांस आठ अक्षरें मोजून दाखविलीं. दुसऱ्याच खेपेस सर्वांस जमलें.

इतक्यांत घरून फोन आला. सुखरूप पोहोंचलों, असें सांगण्यास आम्ही तोंड उघडलें, तों पलीकडून सौभाग्यवतींचा पहिलाच प्रश्न, "कोपराला हळद लावली का?"

आम्हीं पुढारीणबाईंकडे पाहिलें. ती पंप आवरण्यांत फार गुंतली होती.