वाट वळते, घर वळत नाही

आपल्या पूर्वजांच्या लेखी समुद्र म्हणजे काळे पाणी होते. मुंबई बंदरात करारपत्रावर अंगठा उमटवून जहाजात चढलेली ती माणसे पोर्ट लुई येथे आप्रवासी घाटावर उतरली, आणि समुद्राकडे पाठ फिरवून उसाच्या मळ्यांत शिरली. आम्हां वंशजांनाही समुद्र आठवतो तो गणपती विसर्जनाच्या दिवशी, नाही तर दुकानातील तांदूळ महागला म्हणजे. एरव्ही तो आम्हांस केवळ रस्ता वाटतो. जहाजे येतात, जहाजे जातात. परंतु हा रस्ता कोणाचे तरी घर आहे, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपल्या बेटाच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, समुद्राचा तळ एकदम खोल जातो. तेथे स्पर्म जातीच्या देवमाशांची कुटुंबे नांदतात. त्यांत आज्या, आया, मावश्या आणि पिले एकत्र राहतात. नर मात्र वयात आले की घर सोडून थंड समुद्राकडे निघून जातात. हा प्राणी भक्ष्यासाठी हजार मीटरहूनही खोल बुडी मारतो आणि वर येऊन काही मिनिटे श्वास घेत पाण्यावर स्वस्थ पडून राहतो. जुलै ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत हंपबॅक जातीचे देवमासे दक्षिण ध्रुवाकडील समुद्रातून आपल्या उबदार पाण्यात येतात, तेव्हा त्यांच्या माद्यांचे हे जणू माहेरच होते. तामारिनच्या उपसागरात डॉल्फिन येतात ते विसाव्यासाठी. रात्रभर खोल पाण्यात शिकार करून ते सकाळी उथळ पाण्यात विश्रांती घेतात.

ह्या सर्वांस जहाजांपासून दुहेरी पीडा आहे. श्वास घेण्यास वर आलेल्या देवमाशास वेगाने येणाऱ्या जहाजाची धडक बसते. आणि पंख्यांच्या घरघरीत त्यांचे परस्परांना घातलेले साद बुडून जातात. अंधाऱ्या पाण्यात कान हेच ज्यांचे डोळे, त्यांना हा गोंगाट म्हणजे आंधळेपणच होय.

25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज प्वांत देस्नीजवळच्या प्रवाळखडकावर चढले. त्यात माल नव्हता. तरी त्याच्या इंधनापैकी सुमारे 1000 टन तेल समुद्रात पसरले. तेव्हा गावोगावच्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले. ज्या उसाने आमच्या पणजोबांची कंबर मोडली, त्याच उसाचे पाचट समुद्र वाचविण्याच्या कामी आले! त्याच वर्षी गणेश चतुर्थीनंतर चारच दिवसांनी, 26 ऑगस्टपासून, आग्नेय किनाऱ्यावर डॉल्फिनच्या कुळातील प्राण्यांची प्रेते लागू लागली. ती सुमारे 50 भरली. त्यांच्या मृत्यूच्या कारणाविषयी पुष्कळ वाद झाला. पण जहाज किनाऱ्याच्या नको तितके जवळ आले होते, ह्याविषयी कोणताच वाद नव्हता.

वर्गात हा विषय निघाला असता एका मुलाने क्रिओलमध्ये मला विचारले, “गुरुजी, ते मासे दुसरीकडे का जात नाहीत?” मी त्यास म्हणालो, “बाळ, रस्त्यावरून गाडी जाते म्हणून आपण घर उचलून नेतो काय?” वाट वळविता येते; घर वळविता येत नाही.

आणि वाट वळविल्याची उदाहरणेही आहेत. कॅनडाने 2003 साली फंडीच्या उपसागरातील जहाजांचा मार्ग देवमाशांसाठी बाजूस सरकविला. अमेरिकेने 2008 पासून आपल्या पूर्व किनाऱ्यावर ठराविक ठिकाणी, ठराविक ऋतूंत, मोठ्या जहाजांस 10 नॉटची वेगमर्यादा घातली. श्रीलंकेच्या दक्षिणेस निळे देवमासे वावरतात; तेथे 2022 साली एका मोठ्या कंपनीने आपली जहाजे सुमारे 15 सागरी मैल अधिक दूरून नेण्यास आरंभ केला. ह्यांपैकी कोणाचाही व्यापार बुडाला नाही.

आपणांस हा विचार अधिक निकडीचा आहे. आशियातून केप ऑफ गुड होपकडे जाणारी जहाजे आपल्या बेटाजवळून जातात, आणि 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजांनी केपचाच वळसा पत्करला. जहाजे नकोत, असे आपण म्हणू शकत नाही. आपल्या ताटातला भात जहाजानेच येतो. त्यांनी दूरून जावे आणि सावकाश जावे, एवढेच आपले मागणे असावे.

परंतु मागणाऱ्याने आधी आपले अंगण झाडावे. तामारिनला पाहुण्यांना घेऊन डॉल्फिनांच्या झोपेवर नावा घालणारे नावाडी परके नाहीत. कित्येक तर आपल्याच घरचे आहेत. त्यांच्या पोटावर पाय न देता त्यांना अंतर राखण्यास शिकविणे, हे ह्या बेटावरील प्रत्येक संस्थेस शक्य आहे. आपल्या पूर्वजांना परक्या किनाऱ्यावर घर उभारताना किती कष्ट पडले, हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी दुसऱ्याचे घर मोडू देऊ नये.