नदीच्या नावाचा देश

मुस्लिम देश म्हटला की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे वाळवंट, उंट आणि तेलाच्या विहिरी उभ्या राहतात. उर्दू शाळांतून 'जुगराफिया' शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना म्हणूनच गांबिया हा देश मुद्दाम दाखवावासा वाटतो. तिथे तेलाची श्रीमंती नाही. आहे ती एक नदी, खाजणे आणि भातशेती. दहातले नऊहून अधिक लोक मुसलमान आहेत.

आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत लहान देश. क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर, समुद्रकिनारा अवघा ८० किलोमीटर. गिनीच्या डोंगरांत उगम पावलेली गांबिया नदी अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी म्हणजेच हा देश. बाकी तिन्ही बाजूंनी सेनेगल. ही हद्द १८८९ साली इंग्रज व फ्रेंचांनी आपसांत ठरवली. काठावर राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. १९६५ साली देश स्वतंत्र झाला, पण फराफेन्नीजवळचा मोठा पूल खुला व्हायला २०१९ साल उजाडले. तोवर तिथे फेरीबोटीचाच आधार होता.

जमीन सपाट असल्याने भरतीचे पाणी नदीत खूप आत शिरते. पाऊस जून ते ऑक्टोबर. पुढे कोरड्या महिन्यांत नदीचा जोर ओसरला की खारे पाणी दोनशे किलोमीटरच्या आसपास वर चढते. काठच्या खाचरांत भात पिकवतात त्या बहुतांशी बायका. पाऊस कमी झाला की त्यांच्या शेतात मीठ मुरते, आणि मीठ बसलेली जमीन लवकर सुधारत नाही. रायगड-रत्नागिरीत बांध फुटून ज्यांचे शेत खारावले, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. राजधानी बांजुल तर नदीच्या मुखावरच्या सखल बेटावर वसलेली. तिथे किनाऱ्याची धूप कब्रस्तानालाही भिडली आहे.

बांजुललगत तानबीचे कांदळवन आहे. तिथे कालवे काढणाऱ्या बायकांनी २००७ साली 'ट्राय' ही संघटना उभारली. वर्षातले काही महिने कालवे काढायची नाहीत, कांदळाची मुळे तोडायची नाहीत, नवी रोपे लावायची, असे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. २०१२ साली सरकारने तिथल्या कालवांचा हक्क त्यांच्याकडे सोपवला. त्याच वर्षी त्यांना इक्वेटर पुरस्कारही मिळाला.

कालवे काढणाऱ्या बायका आमच्या कोकणातही आहेत. कांदळवनही आहे, त्यावर पडणारा भरावही आहे. जमीन आणि पाणी ही अल्लाहची अमानत आहे, हे आम्ही तकरीरींतून पुष्कळ ऐकतो. गांबियाच्या त्या बायकांनी गुडघाभर चिखलात उभे राहून ती अमानत सांभाळली. आमच्या गावांतल्या जमातींच्या बैठकांत निकाहाचे, वर्गणीचे, मशिदीच्या रंगाचे विषय निघतात. ते निघायलाच हवेत. पण खारबांधाची दुरुस्ती आणि खाडीकाठची झाडे हा विषय त्या बैठकीत केव्हा येणार, आणि तेव्हा कालवे काढणाऱ्या आमच्या आया-बहिणींना तिथे बसायला जागा असेल का?