गर्दीतले हात

आमच्या गाडीवर माणसं दोन. मागे डॉक्टर, पुढे पायलट, म्हणजे चालक. बऱ्याच राज्यांत मागे प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ला १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हापासून मागे डॉक्टर बसतो, आणि तो बहुतेकदा माझ्यासारखा बीएएमएस झालेला असतो. पहिल्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स्ड, म्हणजे व्हेंटिलेटरसकट, आणि बाकी ७०४ बेसिक. माझी बेसिकमधली. ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग, मानेचे पट्टे, स्प्लिंट, स्ट्रेचर, औषधांची पेटी, आणि आम्ही दोघं.

आता हिशेब मांडा. मणक्याला मार लागल्याचा संशय असलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, तर एकाने डोकं धरायचं, तिघांनी खांदा, कंबर आणि पाय सांभाळायचे, एकाने पाठीखाली बोर्ड सरकवायचा. झाले पाच. छातीवर दाब देणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलावा लागतो, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि देणाऱ्याला ते कळतही नाही. शिवाय कुणीतरी अंबू बॅग दाबायची, कुणीतरी वळणावर उभं राहून ट्रक थांबवायचे. आमचे हात चार, त्यांतले दोन निघाल्यावर स्टिअरिंगवर. हा हिशेब कधीच जुळत नाही, आणि तरीही काम होतं, कारण तिथे चाळीस माणसं आधीच उभी असतात.

प्रशिक्षणात या चाळीस माणसांचा उल्लेख एकाच सूचनेत होता: गर्दी हटवा. सूचना चुकीची नव्हती. पण आमचा पट्टा पोलादपूर, कशेडी घाट, खाली खेडकडचा उतार. इथे अपघात झाला की दोन एसट्या, तीन कंटेनर आणि गणपतीला निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या थांबतात, आणि पोलिस पोचेपर्यंत तेच सगळे आमचे सहकारी असतात. त्यांना हटवलं तर उचलायला कोण? या धंद्यातलं माझं खरं शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू झालं, आणि त्याचा पहिला मास्तर आमचा पायलट.

तो गाडी अशी लावतो की मागून येणाऱ्या वाहनांपासून पेशंटला आड मिळते. मग उतरून मागचं दार उघडता उघडता गर्दीवर एक नजर फिरवतो आणि चार माणसं निवडतो. सगळ्यांत जोरात बोलणारा त्या चारांत कधीच नसतो. जो आधीच पेशंटशेजारी खाली बसलाय, ज्याने स्वतःचा टॉवेल जखमेवर दाबलाय, जो काही न बोलता काचा बाजूला करतोय, तो आपला. जोरात बोलणाऱ्यालाही मोकळं सोडायचं नाही. त्याचा आवाज वाहतुकीसाठी उपयोगी. "दादा, त्या वळणावर तुम्हीच पाहिजे, दुसऱ्याचं कुणी ऐकणार नाही," असं सांगितलं की तो अभिमानाने पन्नास पावलं लांब जातो, आणि इथे शांतता होते. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याला टॉर्च धरायला सांगायचं. माझे हात जातील तिकडे उजेड पाडायचा, हे काम एकदा मिळालं की त्याला शूटिंगची शुद्ध राहत नाही.

माझ्या वाट्याला येतं ते सांगणं. "कुणीतरी हात लावा" म्हटलं की कुणीच हलत नाही, कारण चाळिसांतला प्रत्येक जण उरलेल्या एकोणचाळिसांकडे बघतो. "निळा शर्ट, तुम्ही इकडे या" म्हटलं की निळा शर्ट येतोच. एका माणसाला एकच काम, आणि ते कधी संपतं तेही लगेच सांगायचं. रक्त थांबवायला हात दिला तर: "असाच जोर लावून ठेवा. मी सांगेपर्यंत काढायचा नाही, उचलून बघायचं नाही." कारण थांबलंय का ते बघायला हात उचलला की धरू लागलेली गुठळी सुटते. फोन करायला पाठवलं तर: "बोलणं झालं की मला येऊन सांगा." नाहीतर फोन लागला की नाही हे मला कळत नाही, आणि मी मनातल्या मनात त्या मदतीच्या भरवशावर राहते.

उचलताना आधी "तीन"चा अर्थ ठरवावा लागतो. एक-दोन-तीन म्हणताना निम्मी माणसं तीनवर उचलतात, निम्मी तीन झाल्यावर, आणि त्या अर्ध्या क्षणात मान पिळली जाते. म्हणून आता मी विचारतेच, तीनवर की तीननंतर? लोकांना हसू येतं. पण हसताना त्यांचे खांदे सैल होतात, आणि पुढची उचल एकसारखी होते. आकडे मात्र डोकं धरणाऱ्यानेच म्हणायचे, बाकीच्यांनी गप्प राहायचं. डोक्याशी मी असते. श्वासाची वाट आणि मान ही कामं मी परक्या हातांत सहसा देत नाही. काय वाटायचं आणि काय स्वतःकडे ठेवायचं, यातच आमचं निम्मं कौशल्य आहे.

रस्त्यावरची गर्दी परक्यांची असते, त्यामुळे सोपी. घरातली अवघड. भातकापणीच्या दिवसांत सर्पदंशाचा कॉल येतो. आम्ही वाटेत असतानाच फोनवर सांगते, फाट्यावर बॅटरी घेऊन माणूस उभा करा, पेशंटला चालवू नका. पोचावं तर अंगणभर माणसं. एकाने पोटरीला दोरी आवळलीय, दुसरा ब्लेड घेऊन उभा, तिसरा काठी घेऊन साप शोधतोय, चौथा भगताला आणायला गेलाय. इथे ओरडून उपयोग नाही. ओरडलं की मी एकीकडे आणि घर एकीकडे. दोरी बांधणारा हा बहुतेकदा सगळ्यांत जास्त जीव टाकणारा असतो, म्हणून मोठं काम त्यालाच. "दोरी कधी आणि कशी सोडायची ते मी बघते. पाय हलू द्यायचा नाही, ही जबाबदारी तुमची." ब्लेडवाल्याला घड्याळ: चावा किती वाजता झाला, पापण्या कधी जड वाटल्या, सगळं लिहून ठेवा. काठीवाल्याला साप सोडून जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या शोधायला घरात पाठवायचं. सापाची आम्हाला गरज नसते. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच असते, आणि पुढे रुग्णालयात लक्षणं बघून व रक्त गोठतंय का ते तपासून उपचार ठरतात. वेळेची ती चिठ्ठी मात्र तिथल्या डॉक्टरच्या खरोखर कामाची.

गाडीत मागे एकच नातेवाईक घ्यायचा असतो. कोण, हे ठरवताना पेशंटशी नातं किती जवळचं ते मी बघत नाही, हात कापतायत का ते बघते. रडणारी आई पुढे पायलटशेजारी. मागे तो चुलतभाऊ, ज्याला गोळ्यांची नावं माहीत आहेत आणि जो विचारल्याशिवाय बोलत नाही. गाडी सुटली की मागे मी एकटी, आणि घाटात प्रत्येक वळणाला एक हात आधाराला जातो. मग उरलेल्या एका हाताला तो चुलतभाऊ जोड देतो. सलाइन धरतो, ऑक्सिजनची गोळी फ्लोमीटरमध्ये किती आकड्यावर आहे ते वाचून दाखवतो, पेशंटला नावाने हाका मारत राहतो. हाकेला उत्तर यायचं थांबलं तर माझ्याआधी त्याला कळतं.

बाळंतपणाला हेच काम आशाताई करते, आणि सासू. वाटेतच बाळ आलं तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, पुरुषांनी खाली उतरून दाराशी चादर धरायची, तोंड रस्त्याकडे. बाळ बाहेर आलं की माझं लक्ष दोन ठिकाणी हवं असतं. आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, रक्तस्रावावर डोळा, आणि बाळाचं रडणं. अशा वेळी मी सासूच्या हातात कोरडं फडकं देते. पुसा, चांगलं चोळून पुसा, मग ओलं टाकून सुक्यात घ्या आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवा. त्या हातांना हे काम शिकवावं लागत नाही. ओलं अंग गार पडतं, एवढं आठवण करून दिलं की पुरे.

गर्दीला माझ्यापेक्षा जास्त कळतं अशाही जागा आहेत. डोंगरावरच्या धनगरवाड्यांना आमची गाडी जात नाही. पेशंट डोलीतून खाली येतो, खुर्चीला किंवा चादरीला बांबू बांधून. सुरुवातीला मी खालून वर चढत गेले आणि सूचना द्यायला लागले. त्या लोकांनी ऐकून घेतलं आणि आपल्या पद्धतीनेच चालत राहिले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की पुढच्याचं आणि मागच्याचं पाऊल ते मुद्दाम जुळू देत नाहीत. पावलं जुळली की बांबू झुलतो आणि पेशंटला हिसके बसतात. उतारावर पुढच्यांनी बांबू खांद्यावर घेतला, मागच्यांनी हातांत खाली धरला, पेशंट सपाट. न थांबता, न बोलता खांदा बदलला. शिमग्यात पालखी नाचवणारे हे खांदे, त्यांना मी उचलायचं काय शिकवणार? मी आपली नाडी धरून शेजारून चालत राहिले.

तरी लोक कचरतात. "पोलिसांचं लफडं नको" हे वाक्य आम्ही घाटात सतत ऐकतो. मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये बंधनकारक केलं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. हे मी गाडीत चढता चढता ओरडून सांगते. कलमाचा आकडा ऐकून माणसांचे चेहरे जरा निवळतात.

आणि कधी कधी हे सगळं करूनही माणूस जातो. हृदय थांबलं तर मेंदूकडे चार-सहा मिनिटं असतात, आणि आमची गाडी तेवढ्यात घाट चढू शकत नाही. म्हणजे पहिले हात गर्दीतलेच हवेत, आणि ही गोष्ट छाती दाबण्याच्या विद्येच्या जन्मापासून ठाऊक आहे. १९६०मध्ये अमेरिकेत कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे मांडलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं की याला उपकरण लागत नाही, दोन हात पुरतात. त्याआधी पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याचे प्रयोग केले, त्यांत श्वास देणारे डॉक्टर नव्हते, साधी माणसं होती. त्याच १९६०मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्याने सरावाची बाहुली घडवली, तीही सामान्य माणसांना शिकता यावं म्हणून. आम्ही डॉक्टर वर्गात त्या बाहुलीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, असा घाम गाळतो. ती मुळात घडवली होती निळ्या शर्टवाल्यासाठी.

त्या निळ्या शर्टवाल्याने एकदा मला विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?" आम्ही पोचेपर्यंत त्याने एका अनोळखी प्रवाशाची छाती दाबली होती, फोनवरून मिळणाऱ्या सूचनांवर. प्रवासी वाचला नाही. या प्रश्नाचं उत्तर देणं हेही माझं काम आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी गाडी सुटण्याआधी अर्धं मिनिट काढते. हात धुवायला पाणी देते, आणि नेमकं सांगते: तुम्ही थांबला नाहीत हे बरोबर केलं, बरगडी कडकडली तरी दाब सोडला नाही हेही बरोबर, त्या माणसाला मिळण्यासारखं जे होतं ते तुमच्याकडून मिळालं. खोटा दिलासा मी देत नाही. हे खरं असतं, आणि ते ऐकलं नाही तर पुढच्या अपघाताला तो माणूस गाडी थांबवणार नाही.

या कामाचं यश कशात मोजायचं, याचं माझं उत्तर हळूहळू बदललं आहे. पेशंट पुढे बरा झाला की नाही हे आम्हाला क्वचितच कळतं. रुग्णालयाच्या दारात कागद आणि माणूस सोपवला की आमची केस संपते. पण घाट तोच राहतो, आणि घाटातली माणसंही. मागच्या पावसाळ्यात एका वळणावर जीप उलटली. आम्ही उतरलो तर चहाच्या टपरीवाल्याने सगळं लावून ठेवलं होतं. दोघं वाहतुकीला, एक जण जखमेवर हात दाबून, एक फोनवर, आणि मधला माणूस जागचा न हलवता तसाच. मी आदेश द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने मलाच सांगितलं, "मॅडम, तुम्ही डोक्याशी बसा. पायाला माणसं आहेत. आणि तीन म्हटल्यावर उचलायचं, तीनवर नाही."

मी डोक्याशी बसले आणि आकडे मोजायला लागले.