रब्बरसिंगच्या सायकली

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी भोवरे बघतो. कपाळावरचा, छातीवरचा, गळ्याखालचा देवमण. मग दात, मग खूर, मग चाल. दत्तजयंतीपासून तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र पंजाबी नुकरे ओळीने उभे असतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदे होतात. यंदा त्या गर्दीतून एक पोरगं सायकल दामटत आलं. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात नसलेला लगाम, तोंडाने टापांचा आवाज. व्यापारी ओरडले, एक अबलक घोडी बिचकली, आणि पोरगं मान ताठ ठेवून निघून गेलं. मला एकदम मालेगावचे दरोडेखोर आठवले.

नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा दरोडेखोरांना घोडे मिळाले नाहीत. ते सायकलींवर आले. आगगाडी मिळाली नाही, तिच्या जागी बस आली. गब्बरचा रब्बरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली. पन्नासेक हजारांत चित्रपट उरकला. रमेश सिप्पींना 1975च्या ‘शोले’साठी 70 मिलिमीटरचा पडदा, रामनगरचे खडक आणि घोड्यांचा ताफा होता. नासिरभाईंकडे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता, संकलनाला व्हीसीआर होते आणि यंत्रमागावर पाळी करून येणारे दोस्त होते. कॅमेरा वर न्यायचा तर बैलगाडीची क्रेन, पळवायचा तर पुन्हा सायकलच. त्यांचं स्वतःचं व्हिडिओ पार्लर होतं. तिथे रात्रंदिवस सिनेमे दाखवता दाखवता ते सिनेमा शिकले, आणि मला ही शाळा फार वरच्या दर्जाची वाटते. विडंबनाला आपल्याकडे हलकं समजतात. पण मूळ चित्रपटाचा तुकडा अन् तुकडा ज्याच्या डोळ्यांत बसलाय, त्यालाच कुठे काय बदललं की माणूस हसेल हे कळतं.

हे मला आधीपासून माहीत होतं, कारण आमच्या गल्लीत एक सालदार होता. शहाद्याला जाऊन तो सिनेमा बघून यायचा आणि रात्री जेवणं उरकली की ओट्यावर तो सांगायचा, अहिराणीत, अंगाखांद्यावर घोंगडी घेऊन. तिकिटाला पैसे नसलेली आम्ही सगळी पोरं आणि भाकरी थापून हात धुतलेल्या बाया, एवढे त्याचे प्रेक्षक. ‘शोले’ त्याने कितीदा सांगितला याला गणती नाही, आणि दर वेळी तो वेगळा होता. त्याचा गब्बर तोरणमाळच्या डोंगरात राहायचा. गाडी लुटली जायची ती नंदुरबार स्टेशन सोडून खांडबाऱ्याकडे निघालेली. ठाकूर हा पोलीस पाटील होता. बसंतीच्या टांग्याचा छकडा झाला होता, आणि वीरू दारू पिऊन चढायचा तो जिनिंगच्या चिमणीवर. सगळ्यात लांब चालायचा तो घोडेखरेदीचा प्रसंग, जो कुठल्याच ‘शोले’त नाही. गब्बर वेष पालटून सारंगखेड्याला यायचा, एकमुखी दत्ताला नारळ फोडायचा, मग घोड्याचे दात बघत बघत रुमालाखाली बोटं दाबायचा. व्यापारी काही केल्या खाली उतरायचा नाही. घोंगडीच्या एका टोकाखाली सालदार दोन्ही हात घालायचा, एक हात गब्बरचा, एक व्यापाऱ्याचा. चेहऱ्यावर कधी याचा राग, कधी त्याचा हट्ट. आम्हाला बोटं दिसायची नाहीत, आकडा कळायचा नाही. ‘मंग काय व्हयनं?’ कोणीतरी विचारायचं, आणि तो विडी पेटवायला थांबायचा. एवढा मोठा दरोडेखोर, ज्याच्या नावाने गावं दारं लावून घेतात, तो त्या व्यापाऱ्यापुढे घामाघूम होऊन शेवटी उधारी मागायचा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांतल्या बहुतेकींना दुकानात उधारी मागण्याची वेळ महिन्यातून चारदा यायची.

खरा ‘शोले’ मी पुढे थिएटरात पाहिला तेव्हा घोडेखरेदी कुठे गेली म्हणून शेवटपर्यंत वाट पाहत राहिलो.

आमच्या सालदाराकडे कॅमेरा नव्हता. त्याच्या आणि नासिरभाईंच्या मध्ये तेवढंच अंतर, असं मी समजतो. धुळे ओलांडलं की मालेगाव, मोसम आणि गिरणेच्या काठचं. तिथली बोली उर्दू, आमची अहिराणी. पण पडद्यावरच्या बड्या माणसाला आपल्या गल्लीत आणून त्याला आपल्या अडचणी लावून देण्याची रीत एकच.

नासिरभाईंनी विडंबनात आणलेला सुपरमॅन म्हणजे तर या रीतीची कमालच. मालेगावच्या हवेत उडून त्याला दमा लागतो. यंत्रमागांच्या शहराबद्दल अहवाल पुष्कळ लिहिले गेले असतील, मला तो दमा पुरतो. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. हिरव्या कापडासमोर त्याला आडवा करून उडवलं, आणि तो पडेल त्या कष्टाला हसतमुख तयार. फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हे सगळं टिपलंय. त्यात एकदा कॅमेराच पाण्यात पडतो. त्या क्षणी नासिरभाईंचा चेहरा बघा. एकच कॅमेरा असलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. तरी चित्रपट पुरा झाला.

माहितीपट 2012 साली आपल्याकडे थिएटरांत लागला तोवर शफीक राहिला नव्हता. कर्करोगाने गेला. तंबाखूच्या धंदेवाल्या खलनायकाशी लढणारा सुपरमॅन त्याने केला होता, आणि ते पाहताना मला हसू येतं, खूप येतं, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. हसवण्यासाठीच तर तो त्या कापडासमोर आडवा झाला होता.

पुढे रीमा कागतींनी या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ केला. 2024मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात गेला, 2025च्या फेब्रुवारीत इकडे लागला. नासिरभाईंच्या भूमिकेत आदर्श गौरव. चित्रपट मनापासून केलेला आहे, विनीत कुमार सिंगने लेखक फरोगची तगमग फार चांगली उभी केलीय. ज्याने तो पाहिलाय त्याने मूळ सायकलवाला ‘शोले’ही शोधून पाहावा, जुन्या व्हिडिओच्या पुसट रंगांसकट. आणि पाहताना शेजारी एखादा ओट्यावरचा माणूस बसवावा, मध्येमध्ये बोलणारा.