लखनौचे चाळीस दिवस आणि दोन डबे

लखनौच्या हजरतगंजात संध्याकाळी नुसतेच फिरायला निघण्याला एक खास शब्द आहे, ‘गंजिंग’. दुकानांच्या ओळीने चालायचे, काचेआडचे कपडे बघायचे, जमल्यास चाट खायची आणि ओळखीचे कोणी भेटले की रस्ता अडवून गप्पा मारायच्या. याच हजरतगंजात सेंट जोसेफ कॅथीड्रल आहे. आताची इमारत १९७७ सालची. तिच्या दर्शनी भागावरचा येशूचा उंच पुतळा लांबूनही दिसतो. २४ आणि २५ डिसेंबरला इथे अख्खे शहर लोटते. मेणबत्ती लावायला आलेल्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, शीख असतात. लहान मुले बापाच्या खांद्यावर बसून गोठा बघतात आणि पोलीस वाहतूक दुसरीकडे वळवतात.

गर्दी ओसरल्यावर उरतात ती रोजची घरे. या मोठ्या शहरात कॅथलिक मूठभरच. कोणी रेल्वेच्या जुन्या अँग्लो-इंडियन घराण्यातले, कोणी केरळहून आलेल्या नर्सबाई, कोणी झारखंडचे, कोणी गोव्याचे, आणि आमच्यासारखी वसईहून बदलीवर आलेली एखाद-दुसरी मंडळी. भाषा वेगळ्या, स्वयंपाक वेगळा. पण घर चालवणाऱ्या बायकांचे कॅलेंडर एकच. त्यांचे खर्चाचे वर्ष नाताळला सुरू होत नाही. ते राखेच्या बुधवारी सुरू होते.

त्या दिवशी कपाळाला राख लागते आणि ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मधले रविवार यात मोजत नाहीत. आपल्याकडे श्रावणात जसे मासे-मटण बंद होते तसेच काहीसे, पण नियम थोडे निराळे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण. बाकीच्या शुक्रवारी फक्त मांस वर्ज्य. चौदा वर्षांखालच्या मुलांना सक्ती नाही. मासे चालतात. वसईत शुक्रवारी पापलेट खाऊन ‘उपवास’ करणारे पुष्कळ. नियमात ते बसते, खिशात बसत नाही. लखनौत तर प्रश्नच मिटला, कारण इथे रोहू आणि कतला. समुद्राच्या माशावर वाढलेल्या माणसाला या माशांशी जुळवून घ्यायला दोनेक वर्षे लागतात.

२०२५ सालचा उपवासकाळ लखनौत कोणी सहज विसरणार नाही. २ मार्चला पहिला रोजा झाला, ५ मार्चला राखेचा बुधवार. १४ मार्चला होळी आली आणि ती नेमकी शुक्रवारी. म्हणजे शहरातल्या निम्म्या गल्ल्यांत रंग, रोजेदारांचा जुम्मा आणि आमचा मांस वर्ज्य असलेला दिवस, सगळे एकाच तारखेला. रंग खेळून होईपर्यंत थांबता यावे म्हणून मशिदींत नमाजाची वेळ दुपारी पुढे नेली होती. इथल्या कायस्थ घरांत होळीला मटण शिजतेच आणि ते शेजारी पाठवायची पद्धत आहे. अशा वेळी ‘आज शुक्रवार, भाभीजी’ एवढे म्हणायचे. मग वाटी परत जाते आणि तिच्या जागी गुजियांची थाळी येते. गुजियात खवा असतो, त्याला आमची हरकत नाही. ३० मार्चला चैत्री नवरात्र बसले, ३१ला ईद झाली. महिनाभर अर्धे शहर फळांवर होते. खजुराचे, केळ्यांचे, पपईचे भाव विचारून पुढे सरकावे लागे.

आणि या सगळ्याच्या मध्ये १ एप्रिल. इथल्या शाळांचे नवे वर्ष तेव्हा सुरू होते. पहिल्या तिमाहीची फी, पुस्तके, वह्या, बूट, वाढलेल्या पोराचा नवा गणवेश. तिन्ही धर्मांच्या आया त्या आठवड्यात सारख्याच चेहऱ्याने दुकानाबाहेर उभ्या असतात.

म्हणून हिशेब आधीच मांडावा लागतो. राखेचा बुधवार आणि पुढचे सात शुक्रवार मिळून आठ दिवस. समजा, चार माणसांच्या घरात एका वेळच्या मटण-चिकनचे ३५० रुपये वाचले, तर आठ वेळांचे २,८०० झाले. पण हे २,८०० कागदावरचे. मांस नाही म्हणून पनीर आणले तर डब्यात काहीच पडत नाही. शुक्रवारचे पान खरोखर स्वस्त आणि तरीही मुलांनी आवडीने खावे असे हवे. याबाबतीत लखनौइतके चांगले शहर मिळणे कठीण. इथली तहरी घ्या. तांदूळ, बटाटा, फ्लॉवर, मटार, हळद, खडा मसाला, सगळे एकाच भांड्यात. बिर्याणीच्या या शहरात तहरीला कोणी मान देत नाही, पण आठवड्याच्या मध्यात प्रत्येक घरात तीच शिजते.

दुसरा पदार्थ निमोना. ताजे मटार जाडसर वाटायचे, आले-लसूण घालून तेलात चांगले परतायचे, मग बटाट्याच्या फोडी आणि उडदाच्या तळलेल्या वड्या घालून रस्सा करायचा. आमटी आणि भाजी दोन्हीचे काम होते. जानेवारी-फेब्रुवारीत इथे मटार इतका उतरतो की बायका उन्हात बसून पाच-पाच किलो सोलतात. शेंगांच्या वजनाच्या जेमतेम निम्मे दाणे निघतात. ते उकळत्या पाण्यात दोन मिनिटे टाकायचे, लगेच थंड पाण्यात काढायचे, कोरडे करून पिशव्यांतून फ्रीजरमध्ये भरायचे. एका पिशवीत एका वेळचेच दाणे भरावेत. मोठी पिशवी भरली की गोठलेला गोळा फोडण्यात सकाळ जाते. ईस्टरपर्यंतचे शुक्रवार यावर निघतात.

आता मुख्य वाद. डबा एक ठेवायचा की दोन?

ख्रिस्ती परंपरेत फार जुनी शिकवण आहे. उपवासाने वाचलेला घास भुकेल्याचा असतो. तो आपल्याच कपाटात राहिला तर त्याला उपवास म्हणत नाहीत, काटकसर म्हणतात. कारितास इंडिया ही चर्चची संस्था १९६२पासून आहे आणि उपवासकाळात तिची भूक व रोगांविरुद्धची मोहीम चालते. तेव्हा पॅरिशमधून पाकिटे किंवा डबे घरोघरी जातात. मुले त्यात खाऊचे पैसे टाकतात. पण मार्चच्या शेवटी तो डबा फडताळावर दिसत असतो आणि शेजारीच शाळेची पावती. अनेक घरांत तेव्हा ‘सध्या घेऊ, नंतर टाकू’ होते. ते ‘नंतर’ येत नाही.

माझे मत दोन डब्यांच्या बाजूने आहे. पहिल्या डब्यात आठ वेळांच्या मांसाचे पैसे. त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या डब्यात अकलेने वाचवलेले पैसे. मटार हंगामात घेतला, गणवेशाची घडी सोडून लांबी वाढवली, वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके घेतली, त्यातून जे सुटले ते. दुसरा डबा एप्रिलसाठी. पहिल्यावर नाव दुसऱ्या कोणाचे आहे हे मुलांनाही कळते, आणि आश्चर्य म्हणजे तीच त्याची जास्त राखण करतात.

पण जिथे दोन्ही डबे रिकामे आहेत त्या घराचे काय? नवऱ्याची नोकरी गेलेली असते, फी थकलेली असते, तरी रविवारी मिसाला येताना साडी इस्त्रीची असते. या शहरात अडचण सांगायची पद्धत नाही. ‘सब ख़ैरियत’ एवढेच उत्तर मिळते.

इथे बड्या इमामबाड्याची गोष्ट आठवते. १७८४च्या सुमारास अवधमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि नवाब आसफउद्दौलाने लोकांना फुकट धान्य वाटण्याऐवजी हे बांधकाम काढले. सुमारे ५० मीटर लांब आणि १५ मीटर उंच असे त्याचे मधले दालन, आणि छताला एकही तुळई नाही. पर्यटक वर जाऊन भुलभुलय्यात हरवतात. शहरातले जुने लोक मात्र दुसरेच सांगतात. दुष्काळाने खानदानी घरेही बसली होती, आणि त्यांना दिवसाढवळ्या विटा उचलायची लाज वाटू नये म्हणून त्यांचे काम रात्री, अंधारात चाले. तोंड कोणाचे दिसत नसे, मजुरी मात्र मिळे. यातला इतिहास किती आणि दंतकथा किती हे इतिहासकारांवर सोडू. लखनौने ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ जपली, यावरून इथल्या माणसाला काय महत्त्वाचे वाटते ते समजते.

पॅरिशमध्ये याच रीतीचे काम सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी करते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी ती सुरू केली. आज जगभर तिचे सदस्य दोघादोघांनी गरजू घरी जातात, बसतात, बोलतात आणि कोणाकडे गेलो ते बाहेर सांगत नाहीत. फी थकलेल्या आईने व्याजाने पैसे काढण्याआधी या दारावर थाप द्यावी. आणि ज्यांचा पहिला डबा भरलेला आहे त्यांनी तो शुभ शुक्रवारपर्यंत धरून न ठेवता एप्रिल उजाडण्याआधीच नेऊन दिला तर तो खऱ्या वेळेला पोचतो.

व्याजाचा विषय निघालाच आहे तर वसईचे एक सांगते. सावकारांच्या कर्जातून तिथल्या शेतकरी कॅथलिकांना सोडवण्यासाठी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था उभी केली. आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. लखनौत बायकांचा भर ‘कमेटी’वर. आपली भिशीच. दहा-बारा जणींची, सगळ्या एकमेकींना ओळखणाऱ्या, तोवर ती उत्तम. ओळखीच्या ओळखीने माणसे वाढू लागली की मी त्यातून बाहेर पडते. लिहून ठेवलेले काही नसते, आणि पैसे बुडाले तर मैत्रीही बुडते. त्यापेक्षा पोस्टात किंवा बँकेत महिन्याला ठरावीक रकमेचे आवर्ती खाते बरे. मुदत मार्चमध्ये संपेल असे बेतून उघडावे म्हणजे एप्रिलला हातात पैसे येतात.

बाजाराचेही वार आहेत. महानगर भागात बुधबाजार भरतो, रविवारी नखासचा जुना बाजार. अमीनाबादला गुरुवारी पक्की दुकाने बंद असतात. भांडी यहियागंजात, धान्य पांडेगंजात घाऊक मिळते. एकटीने जाऊन घाऊक घेण्यात अर्थ नाही. तीन घरांनी मिळून एक कट्टा घ्यावा, ई-रिक्षाचे भाडेही वाटून घ्यावे. भाव करताना आवाज चढवला तर इथे कमी होत नाही. ‘भाईसाहब, आप ही सही बता दीजिए’ म्हटले की कधीकधी होतो.

ईस्टरनंतर ऊन तापते आणि वसईच्या घराची आठवण होते, कारण एप्रिल-मे म्हणजे बाटली मसाल्याचे दिवस. मिरच्या, धणे, हळकुंड आणि वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचे. वर्षभराची बेगमी. लखनौचे ऊन त्याला वसईपेक्षा सरस, हवेत दमटपणा नाही, मिरची दोन दिवसांत कडकडीत होते. फक्त गच्चीवरची माकडे सांभाळावी लागतात. सुके बोंबील मात्र पुष्पक एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातूनच येतात, तीन पदरी प्लॅस्टिकमध्ये, तरीही डब्यातल्या सगळ्यांना कळेल असे.

नोव्हेंबरात गल्लीत रुई पिंजणारा येतो. जुन्या रजईतला गोळे झालेला कापूस तो मोकळा करतो, पुन्हा भरतो, टाके घालतो. नव्या रजईच्या किमतीचा थोडासा भाग लागतो आणि ऊब तीच. मुले लहान असताना दोन मोठ्या जुन्या रजयांच्या तीन लहान करून घेता येतात.

मग येतो केक. उत्तर प्रदेशातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत केक घरी भाजत नाहीत, आणि तयार विकतही आणत नाहीत. मैदा, अंडी, साखर, तूप घेऊन भट्टी असलेल्या बेकरीत जायचे आणि भाजणावळ द्यायची. अलाहाबादी पद्धतीत लोण्याऐवजी तूप असते, महागड्या परदेशी सुक्या फळांऐवजी आग्र्याचा पेठा आणि मुरंबा, शिवाय बडीशेप, जायफळ, जायपत्री. पेठा म्हणजे साखरेत मुरवलेला कोहळा. पोटात पाहुण्यासारखा आला आणि घरचा होऊन बसला. सुका मेवा नोव्हेंबरातच चिरून रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवून ठेवावा, डिसेंबरात भाव वाढतात.

बेकरीत मात्र नंबर लावावा लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहा वाजताही बाकावर बायका बसलेल्या असतात, शाल लपेटून, आपापल्या पातेल्यावर नजर ठेवून. साच्यावर चिठ्ठी चिकटवायची, चिठ्ठीवर नाव आणि डब्यांची संख्या. अंडी फेटणारा मुलगा दमला की त्याला कोणीतरी घरून आणलेला चहा देते. एकीचा केक भट्टीतून निघाला की बाकीच्या जणी वास घेऊन सांगतात, तूप चांगले आहे की बाजारचे.